आईच्या खात्यातले भाताचे पैसे

२ ऑगस्ट २०२५, शनिवार. मला सुट्टी होती, पाऊस जरा उघडला होता आणि आईला खाली बाकावर बसायचं होतं, म्हणून आम्ही दोघी सावरकर नगरातल्या आमच्या बिल्डिंगखाली येऊन बसलो. दुपारी जेवणाच्या आधी आईचा फोन वाजला. पाठोपाठ शेजारच्या मावशींचा. मग बी विंगमधल्या आजोबांनी चष्मा वर करून आपला मोबाइल मला दिला. "बघ गं, आला का?"

आला होता. तिघांचाही आला होता. पीएम किसान सन्मान निधीचा विसावा हप्ता, दोन हजार रुपये. वाराणसीच्या कार्यक्रमातून त्या दिवशी ९.७ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांत सुमारे २०,५०० कोटी रुपये गेले, आणि त्यातले सहा हजार ठाण्यातल्या एका बाकावर उतरले.

मावशींची जमीन चिपळूणकडे. सासरे गेल्यापासून तिथे कुणी नांगर घातलेला नाही, गुडघाभर गवत आहे. पण जमीन लागवडीयोग्य आहे आणि उताऱ्यावर नाव आहे, त्यामुळे हप्ता येतो. आजोबांचं शेत जळगावकडे, पुतण्या करतो. आमचं मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या रस्त्याला लागून आत, साठ गुंठे भाताची खाचरं. ती गावातले एक काका करतात. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, काका एवढंच म्हणते. त्या शनिवारी काकांची लावणी नुकतीच उरकली होती. त्यांचा फोन वाजला नव्हता, कारण त्यांच्या नावावर एक गुंठाही नाही.

कुणाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. मावशी आणि आजोबा दोघंही साधी माणसं आहेत, नियमाप्रमाणे त्यांचा हक्क आहे, आणि दोन हजारांत त्यांची महिन्याची औषधं येतात. मला लिहायचंय ते आमच्या घराबद्दल. गेली चार वर्षं आईची बँकेची कामं मी करते. ऑफिसातही माझं काम हिशेबाचंच आहे. त्यामुळे शेताच्या नावाने आमच्याकडे काय येतं आणि काकांकडे काय जातं, हे मला आकड्यांत दिसतं आणि ते बघून मला नीट झोप लागत नाही.

बाबा २०२१ मध्ये गेले. आयुष्यभर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. त्यांच्यामागे वारस नोंद केली, फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं चढली. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरलेली आहे, त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर हप्ता मिळत नाही. वारसाने आलेल्या जमिनीला मात्र सूट आहे. मी अर्ज भरायला घराजवळच्या एका सेवा केंद्रात गेले तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, "ताई, तीन नावं आहेत ना? तिघांचेही टाकू या. सगळेच टाकतात."

मी आणि भाऊ दोघंही आयकर भरतो. आयकर भरणारे, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, सरकारी नोकर, डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए असे सगळे या योजनेतून वगळलेले आहेत. फक्त शिपाई वर्गातल्या नोकरांना सूट. मी त्याला नाही म्हटलं. पण "सगळेच टाकतात" यात तथ्य होतं. माहिती अधिकारात केंद्राकडूनच मिळालेलं उत्तर २०२१ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं होतं: २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक आयकर भरणारे होते. त्यानंतर तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा निघाल्या. पुढे ई-केवायसी आली, आधार जोडणी आली, जमिनीच्या नोंदींची जोडणी आली. २०२५ च्या एप्रिलपासून आपल्या राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तोही सातबाऱ्याला बांधलेला. खोटे शेतकरी गाळायला इतक्या चाळण्या लावल्या. त्या सगळ्यांतून माझी आई सहज पार झाली. काका मात्र पहिल्या चाळणीपर्यंतही पोचले नाहीत.

आमची रीत अशी आहे की बी, खत, चिखलणी, मजुरी सगळं काकांचं. पिकलं की दोन वाटे त्यांचे, तिसरा वाटा आमचा. बाबांनी ठरवलेली ही वाटणी. आजूबाजूला अर्धेलीच जास्त चालते. बाबा म्हणायचे, कष्ट त्यांचे आणि खर्चही त्यांचा, मग निम्मं कशाचं मागायचं? बरं साल असलं तर सोळा क्विंटलच्या आसपास भात होतं. आमच्या वाट्याचं काका गावातल्याच गिरणीत भरडून घेतात आणि पोती टेम्पोने ठाण्याला येतात. वर्षभर आम्ही तोच तांदूळ खातो.

आता २०२४-२५ या वर्षाचा हिशेब सांगते. पीएम किसानचे सहा हजार. २०२३ पासून राज्याने त्यात नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी सहा हजार घातले आहेत, ते वेगळे. म्हणजे बारा हजार आईला. शिवाय त्या हंगामाच्या धानाला राज्याने हेक्टरी २०,००० रुपये बोनस दिला, दोन हेक्टरच्या मर्यादेत. आमचं क्षेत्र साठ आर, म्हणजे ०.६० हेक्टर. त्याचे झाले बारा हजार, तेही आईला. बारा आणि बारा, चोवीस हजार. ज्या माणसाने ते भात उगवलं त्याच्या नावे या सगळ्यात शून्य.

खरेदी केंद्रावर तर याहून विचित्र प्रकार आहे. त्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव २,३०० रुपये होता. काकांनी आपल्या वाट्यातलं आठ क्विंटल केंद्रावर घातलं. नोंदणीला सातबारा लागतो आणि त्यावर पीक पाहणीची नोंद लागते, म्हणजे सातबारा आईचा, आधार आईचं, पासबुकही आईचं. भात काकांचं आणि त्याचे १८,४०० रुपये जमा झाले आईच्या ठाण्यातल्या खात्यात. पैसे आले की नाही हे विचारायला काकांनी चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी आवाज असा, जणू उसने मागतायत. "वहिनी, काही आलं का बघा की, सवड असली तर." स्वतःच्या भाताचे पैसे मागायला त्यांना संकोच वाटत होता, आणि तो संकोच ऐकून मला लाज वाटत होती. जमा झाले त्याच दिवशी मी काढले आणि रविवारी नेऊन दिले. पण आमच्याऐवजी दुसरं कुणी असतं तर? हे पैसे त्यांचे आहेत हे सांगणारा कागद कुठे आहे?

पीक पाहणीचंही तसंच. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर करतात आणि फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. आई ठाण्यात, गुडघे धरलेली. मग काकांचा मुलगा जातो. तो मुरबाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर आहे, पाळी संपवून खाचरात उतरतो, अॅपमध्ये खातेदार म्हणून माझ्या आईचं नाव निवडतो, आपल्या बापाने लावलेल्या भाताचा फोटो काढतो आणि नोंद पाठवतो. सरकारच्या दप्तरी त्या पिकाची शेतकरी माझी आई.

नुकसान झालं तरी हेच. कापून ठेवलेलं भात एकदा दिवाळीनंतरच्या पावसाने खाचरातच भिजलं, लोंब्यांना कोंब आले. केंद्राच्या २०२२ च्या निकषात ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये असा दर होता. पंचनामा होतो तोही खातेदाराच्या नावाने. बांधावर उभं राहून तलाठ्याला भिजलेले भारे दाखवले काकूंनी. यादीत नाव आईचं.

सरकारची एकच मदत काकांच्या हातात थेट पडते ती म्हणजे खत. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. दुकानात मशीनवर आधार आणि अंगठा द्यायचा, सातबारा कुणी विचारत नाही. अनुदान जातं कंपनीला, पण स्वस्त गोणी मिळते ती घेणाऱ्याला. आणि काकूंना लाडकी बहीणचे महिन्याला पंधराशे येतात. ते बाई म्हणून येतात. चाळीस वर्षं आवण, म्हणजे भाताची रोपं, उपटून आणि वाकून लावणी करूनही त्या घरात शेतकरी म्हणून एक रुपया येत नाही.

मग काकांच्या नावे एक कागद का करून देत नाही, असं मला ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आमच्या घरातल्या एका पत्र्याच्या ट्रंकेत आहे.

त्या ट्रंकेत माझ्या आजोबांची, बाबांच्या वडिलांची, कागदपत्रं आहेत. ही साठ गुंठे जमीन मुळात आमची नव्हती. तिचे मालक कल्याणला राहायचे. आजोबा त्यांचे कूळ. दरवर्षी खळ्यावर मालकांचा माणूस यायचा, खंडाचं, म्हणजे जमीन कसण्याच्या भाड्याचं, भात मापून न्यायचा, आणि मागे उरेल ते आमचं. बाबांना लहानपणीचं एक आठवायचं, की मापं चालू असताना आजी खळ्याकडे पाठ करून उभी राहायची. मग कुळकायदा आला. १९४८ चा कायदा, त्यातली मोठी दुरुस्ती, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा मालक मानला गेला. शेतजमीन न्यायाधिकरणापुढे कलम ३२-ग खाली किंमत ठरली, आजोबांनी ती हप्त्याहप्त्याने फेडली आणि शेवटी ३२-म चं, म्हणजे जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र हातात पडलं. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं ते प्रमाणपत्र बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं. आमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात आजही कलम ४३ चा शेरा आहे, कुळकायद्याने मिळालेली जमीन म्हणून.

म्हणजे आज आमच्याकडे जे आहे ते कशामुळे, तर आजोबा कसत होते आणि सरकारने कसणाऱ्याला मालक ठरवलं म्हणून. आणि आज आम्ही ठाण्यात आहोत, गावात दुसरं माणूस आमची जमीन कसतं, आणि दर वर्षी तिसऱ्या वाट्याची पोती आमच्या घरी येतात. कल्याणचे मालक जिथे होते तिथे आता आम्ही आहोत.

भाऊ ऐरोलीला असतो. माझ्याहून मोठा आणि मनाने वाईट अजिबात नाही. काकांच्या मुलाला कामाला लावलं तेही त्यानेच, ओळखीने. पण कागद म्हटला की त्याचा चेहरा बदलतो. "वेडी आहेस का? उद्या कूळ लागलं तर आई हयात असताना तिच्या नावची जमीन जाईल." भीती निराधार नाही. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस मालकाच्या घरचा नसेल आणि पगारी गडी नसेल तर कायदा त्याला कूळ मानतो, करार तोंडी असला तरी. कृषक दिनानंतर ठेवलेल्या कुळालाही ठरलेल्या मुदतीत जमीन विकत घेण्याचा हक्क कायद्यात आहे. मी कोर्टनाक्याजवळच्या एका वकिलांना जाऊन भेटले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमची भावना कळते. पण कागद करू नका. पैसे द्यायचे तर रोख द्या. खात्यातून पाठवू नका."

घरी येताना रिक्षात मी तेच वाक्य घोळवत होते. खात्यातून पाठवू नका. मी दिवसभर लोकांना सांगत असते की व्यवहार खात्यातून करा, पावती ठेवा. आणि ज्या माणसाचा तांदूळ आम्ही खातो, त्याला त्याचेच पैसे पाकिटात घालून द्यायचे, कुठे खूण राहू नये म्हणून.

सातबाऱ्याच्या नमुना सातवर कुळाचं नाव आणि खंड यांसाठी रकाना आजही आहे. आमच्या उताऱ्यावर तो रिकामा आहे. आजोबांचं नाव एके काळी त्याच रकान्यात होतं म्हणून तर सगळं झालं. मला वाटतं, गावोगावी तो रकाना रिकामा ठेवण्यामागे भाऊ घाबरतो तीच भीती आहे, आणि त्या रिकाम्या रकान्यावरच ही अनुदानाची सगळी रचना उभी आहे. सरकारकडे शेतकऱ्यांची एकच तयार यादी आहे आणि ती जमिनीच्या मालकांची. २०१९ मध्ये पीएम किसान सुरू झाली ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी. काही महिन्यांत ती मर्यादाही गेली आणि सगळे जमीनधारक आत आले. वाटेकरी बाहेरच राहिला.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पीएम किसानची रक्कम कुटुंबाला सरसकट सारखी आहे, अर्धा एकर असो की दहा. तेलंगणात २०१८ ला रयतू बंधू आली ती एकराप्रमाणे, हंगामाला एकरी चार हजार. तिथे ज्याची जमीन जास्त त्याला पैसे जास्त, आणि खंडकरी तिथेही बाहेर. पण याच देशात दुसऱ्या वाटाही काढल्या गेल्या आहेत. ओडिशाने कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबं घेतली. पश्चिम बंगालच्या कृषक बंधूमध्ये नोंद असलेला बर्गादार पात्र आहे, म्हणजे आपल्याकडचा वाटेकरीच. आंध्रने २०१९ मध्ये पीक घेणाऱ्यांच्या हक्काचा कायदा केला, त्यात अकरा महिन्यांच्या करारावर कसणाऱ्याला कार्ड मिळतं आणि मालकीला धक्का लागत नाही. निती आयोगाने २०१६ मध्येच जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला होता, मालकाची मालकी सुरक्षित आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत असा.

मी हे सगळं भावाला दाखवलं. आंध्रचं त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "असं काही आपल्याकडे असेल तर मी आज सही करतो." आणि तो करेल, मला खात्री आहे. त्याला काकांचे पैसे नकोत, त्याला फक्त जमीन जायला नको आहे. मालकी जाणार नाही एवढी हमी कायद्याने दिली तर माझ्या भावासारखे हजारो लोक उद्या खरं नाव सांगतील. जोवर ती नाही तोवर सरकार आमच्याच खात्यात पैसे घालत राहणार, आणि त्याला शेतकऱ्याचा सन्मान म्हणणार. सन्मान हा शब्द दोन्ही योजनांच्या नावात आहे. काकांचा सन्मान कुणी करायचा?

आता आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल.

लग्न झाल्यावर पहिली अकरा वर्षं आई गावीच होती. बाबा ठाण्यात एका खोलीत चार जणांबरोबर राहायचे, महिन्याला एकदा यायचे. शेत आईने केलं. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसाबरोबर पेरायचं, आवण हातभर आलं की उपटून मुठी बांधायच्या, मग दिवसदिवस चिखलात वाकून लावणी. माझ्या वेळी सातवा महिना असताना ती बेणणीला, म्हणजे तण काढायला, जात होती. त्या अकरा वर्षांत तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. सातबारा आजोबांचा, मग बाबांचा. सोसायटीचं कर्ज बाबांच्या नावे. त्या काळात सरकारने शेतकऱ्याला काही दिलं असतं तरी ते आईला मिळालं नसतं.

पहिला हप्ता आला तेव्हा तिने मला पासबुक छापून आणायला लावलं. ती ओळ तिने बोट ठेवून वाचली. "माझ्या नावाने आलेत." मी काहीच बोलले नाही. मी काय बोलणार होते? शेत करत होती तेव्हा नाव नव्हतं, नाव आलं तेव्हा तिचे गुडघे गेले होते. त्या पैशांवर तिचा हक्क नाही असं मला म्हणवत नाही. उशिरा आलेली तिची मजुरी आहे ती, असंच मला वाटतं. फक्त ती मजुरी काकूंच्या वाट्यातून का यावी, हे मला कळत नाही.

पीएम किसानचं काय करायचं यावर आमचं बोलणं होत राहिलं. बोनसचं मात्र आईने एका क्षणात ठरवलं होतं. "बोनस भाताचा आहे ना? मग भात ज्यांचं त्यांना." बोनसचे बारा हजार जमा झाले होते, पण पावसामुळे आमचं जाणं लांबत होतं.

त्या शनिवारनंतरच्या रविवारी आम्ही निघालो. ठाण्याहून लोकलने कल्याण, तिथून एसटीने मुरबाड, पुढे जीप. आईला चढउतार करताना त्रास होतो, तरी ती हट्टाने आली. खाचरं हिरवी झाली होती, सगळीकडे पाण्याचा आवाज. आई बांधाच्या कडेला थांबून एका चुडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जरा दाट लावलंय यंदा." काका हसले. "मजूर मिळत नाहीत वहिनी. जी बाई आली ती जशी लावेल तशी."

घरात चहा झाला. आईने पदराच्या गाठीतून नोटा काढल्या आणि काकूंच्या हातात दिल्या. चोवीस नोटा, पाचशेच्या.

"हे कशाचे?" काकूंनी विचारलं. "भाताचे तर दिलेत की तुम्ही."

"बोनस आलाय. सरकारने भातावर दिलाय."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका दाराबाहेर बघत होते. मग काकू खाली बसल्या, मांडीवर नोटा घेतल्या आणि सावकाश मोजल्या. मोजून झाल्यावर त्यांनी तीन ढीग केले, आठ-आठ नोटांचे. दोन उचलून डब्यात ठेवले. तिसरा आईपुढे सरकवला.

"अगं, हे तुमचेच आहेत," आई म्हणाली.

"तिसरा वाटा तुमचा," काकू म्हणाल्या. "भात तसं वाटतो ना? मग हे पण तसंच."

आईने जरा वेळ तो ढीग तसाच राहू दिला. मग उचलला, पदराला बांधला, आणि काकूंना विचारलं की यंदा बी कुठलं टाकलंय.